गाडी मागं घेण्याआधी

गाडी सुरू करण्याआधी मामा दोन्ही तळहात मांड्यांवर पुसायचे, वरच्या आरशात बघायचे आणि मोठ्यानं विचारायचे, "कोणाचं काही राह्यलं का?"

काही ना काही राहिलेलं असायचंच. बाकड्यावर पिशवी, टपरीवर मोबाईल, पाण्याची बाटली भरायला उतरलेला नवरा. एकदा एका बाईनं शेजारी पेंगत बसलेल्या नवऱ्याकडं बोट करून सांगितलं, "यांचं डोकं घरी राह्यलं." मामा मागं न बघता म्हणाले, "त्याच्यासाठी गाडी थांबवता येत न्हाई, बाई." सगळी गाडी हसली. नवरा तेवढ्यानं जागा झाला आणि काय झालं, काय झालं, असं विचारत राहिला.

मी कंडक्टर आहे. मामा ड्रायव्हर होते. अंबडहून शहागड, तिथून गोदावरीचा पूल ओलांडून गेवराई, आणि परत. या रस्त्यावर आम्ही कित्येक वर्षं एका गाडीवर काम केलं. डेपोत सगळ्याच जुन्या ड्रायव्हरांना मामा म्हणतात, पण नुसतं 'मामा' म्हटलं की ते हेच, हे सगळ्यांना कळायचं. तुम्ही कधी त्या रस्त्यानं गेला असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल, पाठमोरं. ड्रायव्हर लोकांना पाठमोराच दिसतो. मानेवर नीट कापलेले पांढरे केस, खाकी कॉलर आणि गिअरच्या दांड्यावर टेकलेला डावा हात.

तंबाखू नाही, बिडी नाही. चहासुद्धा अर्धा कप. "भरला कप घेतला की माणूस गप्पा मारीत बसतो," म्हणायचे. कोणी ट्रकवाला अंगावर आला तर शिवी नाही, काचेतून हात वर करून, "जाय बाबा, तुला लई जल्दी दिसून राह्यली," एवढंच.

मी नवीन होते तेव्हा मला मागं उभं राहून शिट्टी द्यायची लाज वाटायची. स्टँडवर सगळे बघतात. फलाटाला तोंड लावून उभी असलेली गाडी मागं घ्यायची, तर कंडक्टरनं खाली उतरून मागं जायचं आणि शिट्टी वाजवत राहायचं, हा नियम. मी एकदा दारातूनच ओरडले, "येऊ द्या!" गाडी जागची हलली नाही. मामा खाली उतरले, मला गाडीच्या मागं घेऊन गेले आणि म्हणाले, "ताई, आरसा मला अर्धं सांगतो. बाकीचं अर्धं तू सांगायचं. तू उभी न्हाई तर मी माघं येणार न्हाई. दिवसभर हितंच बसून राहीन." तेव्हापासून त्यांनी माझ्या शिट्टीशिवाय गाडी कधी वीतभरही मागं घेतली नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांची खाकी पँट ढिली व्हायला लागली. पट्ट्याला त्यांनी नवीन भोकं पाडून घेतली. पाठ दुखते म्हणायचे, पण ड्रायव्हरची पाठ दुखतेच. "सीट खराब हाय," म्हणून घरून उशी आणली. डब्यातली भाकरी अर्धी राहायला लागली. मी विचारलं तर म्हणाले, "उन्हात भूक लागत न्हाई." आमच्याकडचं ऊन तसं आहेच. कोणाला वेगळं काही वाटलं नाही.

दुपार कलताना आम्ही गेवराईहून परत येत होतो. पुलाच्या अलीकडं एक कुटुंब चढलं, मी तिकिटं दिली. मामांनी आरशातून विचारलं, "ताई, शहागडला उतरणारे किती?" मी सांगितलं. आवाज स्वच्छ होता. मी मागच्या सीटकडं वळले.

गाडी पुलावर चढली आणि गिअरचा आवाज आला. करकर, करकर. मामांच्या हातून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी पुढं बघितलं तर त्यांचा डावा हात दांड्यावर नव्हता. मांडीवरून खाली लोंबत होता. गाडी हळूहळू डावीकडं सरकत होती. डाव्या बाजूनं एक मोटरसायकल चालली होती, तिला दोन्हीकडं दुधाच्या कॅन. तो माणूस हॉर्न वाजवत होता, ओरडत होता, आणि आमची गाडी त्याला कठड्याकडं ढकलत होती.

"मामा, डावीकडं! मामा!"

"काय झालं?" ते म्हणाले. शब्द चिखलातून आल्यासारखा.

मी धावत पुढं गेले. त्यांच्या तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती. डोळे समोर, उजवीकडं बघत होते. डावीकडची मोटरसायकल त्यांच्यासाठी नव्हतीच.

"गाडी थांबवा, मामा!"

"कामून? मला काय झालंय? काहीच न्हाई झालं." आणि ते हसले. अर्ध्या तोंडानं.

मला त्यांच्या हातातून स्टिअरिंग ओढायची हिंमत झाली नाही. खाली नदी, एका बाजूला तो दूधवाला, मागं भरलेली गाडी. बाया किंचाळायला लागल्या होत्या. मी हात वर केला आणि दोरी ओढली. एकदाच.

एक घंटी म्हणजे थांबा. इतक्या वर्षांत ती वाजली आणि मामा थांबले नाहीत असं कधी झालं नव्हतं. माझं ओरडणं त्यांना पटलं नाही, पण घंटी वाजताच त्यांचा उजवा पाय ब्रेकवर गेला. डावा पाय क्लचवर गेला नाही, म्हणून गाडी गचके खात बंद पडली. आम्ही सगळे पुढं आदळलो. डावं चाक कठड्याच्या अगदी जवळ होतं. मोटरसायकलवाला निसटून पुढं गेला आणि लांबून हात उगारून काहीतरी बोलत राहिला.

"शहागड आलं?" मामांनी विचारलं.

मागून येणाऱ्या दुसऱ्या बसच्या कंडक्टरनं आमची गाडी आणि प्रवासी सांभाळले. रुग्णवाहिका अंबडहून निघायची होती. तोवर शहागडचं एक जोडपं आपली कार घेऊन थांबलं. आम्ही मामांना मागच्या सीटवर आडवं केलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"हँडब्रेक लावला का?"

"लावला, मामा."

"चाकाला दगड लाव. पुलाला उतार हाय."

"लावलाय."

"खोटं बोलून राह्यली तू," ते म्हणाले. खरंच दगड लावला नव्हता. मी त्या कारवाल्याच्या फोनवरून पुलावरच्या त्या कंडक्टरला फोन करून चाकाला दगड लावायला सांगितलं, तेव्हा कुठं ते गप्प झाले.

अंबडला डॉक्टरांनी बघितल्याबरोबर सांगितलं, जालन्याला न्या, आत्ता. जालन्याच्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचे धड कधी बोलले?" मी तिकिटाचं मशीन पुढं केलं. शेवटची तिकिटं दिल्यावर ते माझ्याशी बरोबर बोलले होते, आणि मशीनवर त्याची वेळ होती. त्यांनी घड्याळ बघितलं. डोक्याचा फोटो काढला, रक्तस्राव नाही, रक्ताची गाठ अडकली आहे, असं म्हणाल्या. गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता येईल, पण त्यात मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका असतो, सही कोण करणार? मामी तोवर पोचल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली आणि त्यांनी सही केली. त्यांच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामा डावा हात उचलत होते. आम्हाला वाटलं, सुटलो.

डॉक्टरबाईंना तसं वाटत नव्हतं. त्यांनी मला आणि मामींना आत बोलावलं. मामींनीच माझा हात धरून ठेवला होता, "तू बी चल, मला समजत न्हाई." डॉक्टर म्हणाल्या, "यांना बीपी नाही, शुगर नाही, व्यसन नाही. हृदय चांगलं आहे, मानेच्या नसा मोकळ्या आहेत. आणि मेंदूत डाग एका जागी नाहीत. डावीकडं आहेत, उजवीकडं आहेत, मागं आहेत. एक नस खराब असती तर एकाच भागात दिसले असते."

मग त्यांनी डी-डायमरचं नाव घेतलं. कोरोनाच्या काळात हे नाव आमच्याकडं घरोघरी पोचलं होतं. मामी घाबरून म्हणाल्या, "कोरोना हाय का?"

"नाही. शरीरात रक्ताची गाठ झाली की शरीर ती विरघळवायला लागतं. विरघळताना जो चुरा रक्तात उरतो, तो या तपासणीत मोजतात. यांच्या रक्तात तो कितीतरी पट जास्त आहे. म्हणजे गाठी अजून होतच आहेत. कशामुळं, ते शोधायला पाहिजे." मग त्यांनी विचारलं, "यांचं वजन कमी झालंय का?"

मला पट्ट्याची भोकं दिसली. मामी म्हणाल्या, "जेवण कमी झालंय. पाठ दुखते."

पोटाचा फोटो काढला. स्वादुपिंडात गाठ होती, आणि यकृतापर्यंत गेली होती. कॅन्सर. त्यानंच रक्त असं घट्ट करून ठेवलं होतं, आणि मेंदूत गेलेल्या गुठळ्या हे त्याचं पहिलं बोलणं होतं. डॉक्टर म्हणाल्या, रक्त पातळ ठेवायला रोज पोटावर इंजेक्शन घ्यावं लागेल. कॅन्सरचे उपचार सुरू करू. तरी झटका परत येऊ शकतो. चुरा कमी होत गेला तर बरं. वाढायला लागला तर सावध राहा.

मामांचा मुलगा पुण्याकडं एका कंपनीत आहे. तो आला, सगळं ऐकलं आणि दवाखान्याच्या जिन्यात मला म्हणाला, "ताई, बाबांना काही सांगायचं न्हाई. बीपीचा झटका होता म्हणायचं. ते कळलं की हाय खाऊन जातील." तो जिन्यात खाली बसला होता आणि बोलताना चपलेचा अंगठा ओढत होता. मी त्याला नाही म्हणू शकले नाही. मामी तर त्या दिवसापासून मामांसमोर फक्त जेवणाचं बोलायला लागल्या.

काही आठवड्यांनी, भर दुपारी, मामा डेपोत आले. कडक इस्त्रीची खाकी घालून. अंगावर खाकी हँगरला टांगल्यासारखी दिसत होती, पण चाल जवळजवळ पहिल्यासारखी होती. सगळे धावले. चहा आला. मामांनी अर्धा प्यायला.

"बीपी आता बिलकुल बराबर हाय," ते सांगत होते. "पोटावरच्या सुया चालू हायेत, त्या बी बंद होतील. पोरगा म्हणतो, महिन्यात ड्युटीवर."

मग मला बाजूला घेऊन खुशीत म्हणाले, "रविवारी नातीला घेऊन पैठणला चाललो. पुतण्याची जीप घेतली. मीच चालवणार."

मी विचारलं, "घरी माहीत आहे?"

"त्यान्ला चकित करायचं हाय."

आमची गाडी फलाटाला तोंड लावून उभी होती. बदलीचा ड्रायव्हर जेवायला गेला होता. आत दोन-चार प्रवासी येऊन बसले होते, एक आजी पदरानं वारा घेत होती. मामा गाडीभोवती एक चक्कर मारून आले, टायरवर हात फिरवला, आणि मला कळायच्या आत केबिनमध्ये चढले. किल्ली तिथंच होती. इंजिन सुरू झालं.

"निस्ती माघं काढून सावलीत लावतो, ताई. आजीला ऊन लागून राह्यलं. माघं बघ."

मी मागं गेले. दुसरं काय करणार होते, ते मला अजूनही सांगता येत नाही. गाडीच्या मागं सगळं स्टँड उघडं होतं. बाया डोक्यावर गाठोडी घेऊन आडव्या चालल्या होत्या. मी शिट्टी तोंडात धरली.

वाजवली नाही.

इंजिन घरघरत राहिलं. एकदा मामांनी हॉर्न दिला. मी हलले नाही. शिट्टी नाही, म्हणजे ते मागं येणारच नाहीत. या एका गोष्टीवर माझा विश्वास होता. पण आत बसलेल्या माणसाचा पाय पुढच्या क्षणी त्याचा राहील की नाही, हे मला माहीत होतं आणि त्याला नव्हतं.

दार उघडल्याचा आवाज आला. मामा खाली उतरून मागं आले.

"शिट्टी कामून देऊन न्हाई राह्यली? मोकळं तर हाय."

"मी देणार न्हाई, मामा."

ते एक पाऊल जवळ आले. मग हळू आवाजात म्हणाले, "घरातले सगळे मला बरंच बरं सांगून राह्यले. ही तर डोळ्याला डोळा देत न्हाई. तू सांग. माघं काय हाय ते सांग."

मी सांगितलं. तो बीपीचा झटका नव्हता, पोटात कॅन्सर आहे, त्यानं रक्तात गाठी होतात, त्याच मेंदूत गेल्या. बोलताना मी त्यांच्या शर्टाच्या बटणाकडं बघत होते.

"पोराला माहीत हाय?"

"हो."

"हिला?"

"हो."

"म्हणजे घरात मीच एकटा पाव्हणा होतो." त्यांनी गाडीच्या पत्र्यावर हात टेकला. "हे परत व्हईल का? असंच, बसल्या बसल्या?"

"होऊ शकतं."

"सांगून येईल?"

"न्हाई."

ते वळले आणि परत केबिनकडं निघाले. मी मागं धावले. मामा वर चढले, इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि ती माझ्या हातात दिली. "बदलीवाल्याला दे. आणि आजीला म्हणावं, दुसरा ड्रायव्हर येऊन राह्यला. भ्यायचं काही कारण न्हाई म्हणावं."

मग ते रिक्षानं घरी गेले. जीप रविवारी जागची हलली नाही.

त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला. "तुम्ही कोण सांगणाऱ्या? तुमच्या घरचं माणूस हाय का ते?" मी ऐकून घेतलं. त्यानंतर मी त्यांच्या गल्लीतून जाणं टाळलं. भाजी आणायला लांबून जायचे.

मग एक दिवस मामांनीच फोन केला. "ताई, येऊन जाय. सुई टोचायला कोणी न्हाई. टोचणारी नर्स गावाला गेली, आणि हिचा हात थरथरतो."

मी गेले. दवाखान्यात नर्सनं दाखवलं होतं तसं मी पोटाची चिमूट धरली. मामी भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मामांच्या पोटावर निळे-काळे डाग उठले होते. "आता जागा उरली न्हाई," ते म्हणाले. "नवीन फलाट बांधावा लागंल." भिंतीकडं तोंड केलेल्या मामींना आधी हसू आलं आणि मग रडू. इंजेक्शन झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "जेवून जाय." त्या घरात माझ्याशी परत बोलणं असं सुरू झालं. पुढं मामी स्वतःच टोचायला शिकल्या, आणि माझ्यापेक्षा हलक्या हातानं.

डी-डायमरच्या आकड्याला मामा काटा म्हणायचे. इंजिन तापलं की ड्रायव्हरला काट्यावर कळतं, तसा. जालन्याहून आले की मी विचारण्याआधीच सांगायचे, "काटा उतरला." त्यानंतर सुरू झालेल्या केमोनं केस गेले, चव गेली, पण काटा उतरत होता. ते दिवस घरात जवळजवळ आनंदाचे होते, असं म्हटलं तर तुम्हाला विचित्र वाटेल.

त्याच दिवसांत त्यांना तो दूधवाला आठवायला लागला. "त्याला लागलं का?"

"न्हाई लागलं, मामा."

"तू बघितलं का जवळून?"

जवळून मी बघितलं नव्हतं. म्हणून आम्ही बसनं शहागडला निघालो. माझी सुट्टी होती. मामा माझ्या शेजारी प्रवाशांच्या सीटवर बसले आणि कुठं हात ठेवावा हे त्यांना कळेना. गतिरोधक आला की त्यांचा पाय फळीवर दाबला जायचा. ड्रायव्हर नवीन पोरगा होता, त्यानं आरशातून बघितलं आणि फारच जपून गाडी चालवायला लागला. "आरं, पोचव आज," मामा ओरडले.

शहागडच्या हॉटेलात विचारल्यावर दूधवाला सापडला. पलीकडच्या गावाहून रोज दूध घालायला येणारा, आडदांड, मोठ्या आवाजाचा. मामांनी त्याच्यापुढं हात जोडले. "त्या दिवशी पुलावर तुम्हाला दाबलं ती गाडी माझी. मला डावीकडचं दिसतच नव्हतं. झटका आल्ता."

तो माणूस गोंधळला. मग कानाची पाळी धरून म्हणाला, "म्या तर तुम्हाला लई शिव्या देल्त्या, मामा. मला वाटलं, पिऊन चालवून राह्यला."

"कोणत्या देल्त्या?"

"आता ताईसमोर कशा सांगू?"

मामा इतके हसले की त्यांना धाप लागली. दूधवाल्यानं त्यांना ग्लासभर दूध पाजलं आणि गाडीत बसेपर्यंत हात धरून ठेवला.

पुढच्या तपासणीला काटा चढला होता. केमोचा गुण येत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. इंजेक्शन वाढवलं. मामांनी घरच्यांना समोर बसवलं, मुलालाही बोलावून घेतलं, आणि सांगून ठेवलं, "तोंड वाकडं दिसलं, हात लोंबला, बोलणं फिरलं, की मला विचारीत बसू नका. मी म्हणंन काही न्हाई झालं. माझं ऐकू नका. गाडी काढा." मुलाकडून त्यांनी ते पाठ म्हणून घेतलं, नातीला पाढे म्हणायला लावतात तसं.

त्यांनी सांगितलं तसंच झालं. एका सकाळी मामींनी चहा दिला आणि मामा कपाला 'टायर' म्हणाले. परत म्हणाले, 'टायर, टायर', आणि स्वतःच चिडले. मुलगा त्या आठवड्यात घरी होता. त्यानं एक शब्द विचारला नाही. उचललं, जीपमध्ये घातलं, जालना गाठलं. मी डेपोतून थेट पोचले तेव्हा तो डॉक्टरबाईंपुढं उभा होता. "आम्ही वेळेत आणलं! मागल्या वेळी दिलं तेच इंजेक्शन द्या!"

"देता येत नाही," त्या म्हणाल्या. "रक्त पातळ करायचं इंजेक्शन कालच दिलंय. त्यावर हे दिलं तर मेंदूत रक्तस्राव होईल."

"मंग आम्ही पळत कामून आलो?"

त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या आत गेल्या. मोठी नस बंद नव्हती, नसेतून तार घालून काढता येईल अशी गाठ नव्हती. बारीक बारीक, पुष्कळ होत्या.

बाहेरच्या बाकावर तो माझ्या शेजारी येऊन बसला. त्या फोननंतर आम्ही कामापुरतंच बोललो होतो. मग म्हणाला, "ताई, या महिन्यात बाबा माझ्याशी जेवढं बोलले ना, तेवढं जन्मात बोलले न्हाईत. आईला कुठं ठेवायचं, शेताचं काय, माझ्यावर लहानपणी हात उचलला त्याचं बी बोलले. मी जर लपवूनच ठेवलं असतं तर..." मी पाण्याची बाटली दिली. त्यानं ती नुसती हातात धरली.

मामांचा उजवा हात आणि बोलणं गेलं ते परत आलं नाही. त्यांना शहागडजवळ भावाच्या शेतात नेलं. तिथं हवा बरी, माणसं जास्त. पावसाळा सरता सरता ते तिथंच गेले. मी तेव्हा ड्युटीवर होते. डेपोतून फोन आला तेव्हा गाडी भरलेली होती, आणि मी पुढच्या थांब्यापर्यंत तिकिटं देत राहिले.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या आठवड्यात. मोसंबीच्या बागेच्या कडेला, झाडाखाली बाज टाकली होती. फळ उतरवणं चालू होतं. मामा उशीला टेकून बसले होते, मामी त्यांच्या पायाशी. कोणीतरी एक मोसंबी बाजेवर ठेवून गेलं. मामांनी ती डाव्या हातात घेतली, अंगठ्याचं नख सालीत घुसवायला लागले. फळ फिरायचं, निसटायचं. मामी घ्यायला गेल्या तर त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडं बघितलं. मी फळ दोन्ही हातांत घट्ट धरलं. त्यांनी साल काढली, तुकड्या-तुकड्यानं, खूप वेळ घेऊन. रस माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. मग त्यांनी एक फोड सोडवली, तिच्यावरचा पांढरा धागा नखानं ओढून काढला आणि ती मामींच्या तोंडापुढं धरली. मामी इकडंतिकडं बघून लाजल्या. झाडांवर माणसं होती. मामांनी हात मागं घेतला नाही. शेवटी मामींनी तोंड उघडलं.